इंजिनिअर कोणी म्हणवून घ्यावं?

आजचा प्रश्न बीरगांवातल्या एका श्रोत्याचा आहे. आयटीआय केलेले फिटर, उरला औद्योगिक क्षेत्रात वीस वर्षं नोकरी. कंपनीने त्यांच्या कार्डावर ‘मेंटेनन्स इंजिनिअर’ छापलं. बी.ई. झालेला भाचा म्हणतो, "मामा, हे खोटं आहे." तर आहे का?

कायद्याने पाहिलं तर नाही. वकिलांसाठी १९६१चा कायदा आहे, आर्किटेक्टसाठी १९७२चा. नोंदणी नसताना स्वतःला आर्किटेक्ट म्हणवलं तर तो गुन्हा. इंजिनिअर या शब्दाला असं देशभराचं कुंपण नाही. मसुदे झाले, कायदा झाला नाही.

आर्किटेक्टच्या कायद्यातही एक गंमत आहे. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो कायदा फक्त उपाधी राखतो, इमारतीचा आराखडा करायला इतरांना बंदी घालत नाही. म्हणजे पाटी राखीव, काम मोकळं!

आपल्याकडे इंजिनिअरांचं बरोबर उलटं आहे. पाटी मोकळी, पण काही कामं राखीव. सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यांत धुराच्या उष्णतेवर बॉयलर चालतात. मोठ्या बॉयलरवर देखरेख करायला ‘बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर’चं प्रमाणपत्र लागतं. ते परीक्षा देऊनच मिळतं. तिथे भाच्याची नुसती बी.ई.सुद्धा चालत नाही. ‘चार्टर्ड इंजिनिअर’ही तसंच. ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ ही १९२०ची संस्था, तिला १९३५मध्ये राजसनद मिळाली, आणि तिचे पात्र सभासदच ते बिरुद लावतात.

पदवी हाच निकष धरला तर थोडी पंचाईत होते. ज्यांच्या जयंतीला, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन पाळतो, त्या विश्वेश्वरय्यांकडे बी.ई. नव्हती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते एल.सी.ई. झाले होते. तेव्हाची परीक्षाच ती होती, हे खरं. पण परीक्षांची नावं बदलत राहतात.

माझं मत विचाराल तर शब्द मोकळाच राहू द्यावा. मला काळजी वेगळीच आहे. डॉक्टरने घोर चूक केली तर परिषद त्याचं नाव नोंदवहीतून काढू शकते, मग तो देशात कुठेही दवाखाना चालवू शकत नाही. इंजिनिअरची सही चुकून छत कोसळलं तर? पोलीस केस होईल, एखादी महानगरपालिका परवाना रद्द करेल. पण नाव खोडायला सगळ्या देशाची एक वहीच नाही. लोकांच्या जिवाशी गाठ असलेल्या सह्यांपुरती तरी ती हवी. कार्डं तपासत बसायची गरज नाही.

तेव्हा मामा, कार्ड खुशाल ठेवा. वीस वर्षं मशीन बंद पडू दिलं नाही, ते काही खोटं नाही. मात्र उद्या मालक म्हणाला, "तुम्ही इंजिनिअरच आहात, शेडच्या मजबुतीच्या दाखल्यावर सही करून टाका," तर पेन खिशातच राहू द्या. आणि हे भाच्यालाही सांगा. तो मेकॅनिकलचा असेल तर त्यानेही करू नये.