जर्मनीत पैसे काढताना शुल्क कसे टाळावे?

भारतीय डेबिट कार्डाने जर्मनीतल्या एटीएममधून पैसे काढले की कात्री अनेक ठिकाणी लागते. भारतातली बँक दर व्यवहारामागे ठरावीक शुल्क घेते, चलन बदलण्याचे साधारण साडेतीन टक्के वेगळे लावते आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी येतो. एटीएम चालवणारी बँकही आपले शुल्क घेऊ शकते.

सर्वांत फसवा प्रश्न मात्र पडद्यावर येतो: रक्कम रुपयांत वळती करायची का? रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून हात ‘हो’कडे जातो. पण तो दर एटीएमवाल्याने ठरवलेला, स्वतःचा नफा धरून असतो. तिथे युरोच निवडावा. क्रेडिट कार्डाने तर रोकड काढूच नये. व्याज त्याच दिवसापासून सुरू होते.

मुक्काम लांबणार असेल तर खरा उपाय स्थानिक खाते हाच. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवलेले पैसे दरमहा या खात्यात येतात. बँक निवडताना तिचे एटीएम जाळे पाहावे. श्पारकासचे एटीएम गावोगावी आहेत. डॉइच बँक, कॉमर्झबँक, पोस्टबँक आणि हिपोफेराइन्सबँक या चौघींचे ग्राहक एकमेकींच्या एटीएममधून फुकट पैसे काढतात.

शिवाय रेवेसारख्या सुपरमार्केटात किराणा घेताना काउंटरवरच स्थानिक कार्डावर २०० युरोपर्यंत रोकड मिळते. किमान खरेदीची अट दुकानागणिक बदलते, वेगळे शुल्क पडत नाही. पर्यटनस्थळी आणि स्टेशनांवर दिसणारी खासगी कंपन्यांची एटीएम यंत्रे सहसा महाग पडतात.