बाष्पाचा हिशेब

विषुववृत्ताजवळ हवेच्या तापमानात इकडून तिकडे फारसा फरक नसतो. मग पाऊस इथेच का, तिथे का नाही? बरंचसं ठरतं ते बाष्पावर. एक किलो बाष्पाचं पाणी झालं की सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता सुटते. तिने हवा वर चढते, खालून आणखी बाष्प ओढते.

हवामानशास्त्रज्ञ एड्रियन गिल यांचं उष्णकटिबंधातल्या वाऱ्यांचं १९८० सालचं मॉडेल मला आजही देखणं वाटतं. उष्णता कुठे ते सांगा, वारे मोजक्या समीकरणांतून मिळतात! गोम एवढीच, की ती उष्णता आपण पुरवायची. वाऱ्यांनी बाष्प गोळा करून ढग उभे करायचे, हे त्यात नाही.

खरी डोकेदुखी तिथेच. ढगांचे मनोरे जेमतेम काही किलोमीटर रुंद, हवामान अंदाजाच्या मॉडेलमधल्या जाळीची चौकट बहुधा त्याहून मोठी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ने २०२५ मध्ये ती १२ वरून ६ किलोमीटरवर आणली. तरी सुटा ढग निसटतोच.