पहाट की रात्र? चिठ्ठी काढा!

‘पहाटे उठून वाच, डोक्यात पक्कं बसतं!’ हे वाक्य आईकडून ऐकलं नाही, असं कोण आहे? आमच्या रूमवर मात्र उलटं मत. रूममेट म्हणतो, ‘रात्री बारानंतर वाचलेलंच लक्षात राहतं.’ परीक्षा तीन महिन्यांवर आली आणि आम्ही अजून भांडतोय! शेवटी म्हटलं, वाद पुरे. करूनच बघू.

पहिला प्लॅन सोपा होता. एक आठवडा पहाटे, एक आठवडा रात्री इंग्रजी शब्द पाठ करायचे आणि रोज सकाळी दहाला टेस्ट. पण इथेच गोची होती. पहाटे पाचला वाचलेलं पाच तासांनी आठवायचं, रात्री बाराला वाचलेलं दहा तासांनी. पहाट जिंकणारच की!

मधला वेळ किती महत्त्वाचा, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं मोजून दाखवलं. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा आणि किती वेळानं किती विसरलो, ते तपासायचा. प्रयोग कुणावर? स्वतःवरच! १८८५ मध्ये त्यानं ते पुस्तकरूपात मांडलं. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं, मग वेग मंदावतो, असं त्याला दिसलं.

म्हणून आम्ही टेस्ट आठवड्यानंतर, संध्याकाळी सहाला ठेवली. सात दिवसांपुढे पाच तासांचा फरक किरकोळ.

बाकी सगळं सारखं: रोज वीस नवे शब्द, एक तास, फोन बंद. पहाट की रात्र, हे ठरवायला डब्यात सात-सात चिठ्ठ्या. मूड बघून निवडलं असतं, तर फ्रेश दिवस आपसूक आवडत्या वेळेच्या वाट्याला गेले असते. पेपर तपासायला शेजारच्या रूममधला मित्र. कुठली यादी कधीची, हे त्याला माहीतच नाही. आणि सुरुवातीलाच आपापला अंदाज लिहून भिंतीवर चिकटवला. म्हणजे नंतर ‘मी म्हणालोच होतो’ची सोय नाही!

माझा निकाल? सरासरी रात्रीला २० पैकी १२, पहाटेला ११. रूममेट नाचायलाच लागला. पण एकेका दिवसाचे मार्क बघितले, तर कुठे ७, कुठे १६. एवढ्या चढउतारात एका मार्कानं काय सिद्ध होणार? माझ्यापुरता तरी पहाट-रात्रीत ठळक फरक दिसला नाही.

वहीत मी झोपेचे तासही लिहिले होते. पाच तासांपेक्षा कमी झोपलो, त्या दिवशीच्या बहुतेक याद्या कच्च्या निघाल्या, पहाटेच्याही, रात्रीच्याही. ‘सापडलं!’ म्हणून ओरडावंसं वाटलं. पण हे आकडे पाहिल्यावर सुचलेलं. ते उत्तर नव्हे, पुढचा प्रश्न. त्यासाठी वेगळा प्रयोग हवा.

हे उत्तर माझं. तुमचं वेगळं निघू शकतं. एक वही, चौदा चिठ्ठ्या आणि आपण चुकू शकतो हे मान्य करायची तयारी, बस्स.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, ‘बरं. मग आज लवकर झोप.’