खुर्चीचे दात कोण पाहणार?

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे दौंड-अहिल्यानगर मार्गावरील गाव. शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे त्याचे नाव जिल्ह्याबाहेरही पोहोचले आहे. या बाजारात बैल घेणारा माणूस कधी घाई करीत नाही. तो बैलाचे तोंड उघडून दात पाहतो, दोनदाती आहे की चारदाती, की जुळलेला, हे ठरवतो. खूर पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून चाल पाहतो. शिंगांना लावलेल्या रंगाला तो भुलत नाही, कारण रंग कोणत्याही शिंगाला लावता येतो हे त्याला पक्के ठाऊक असते.

व्यापारी घरांतही हीच नजर पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहे. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून ओलावा ओळखणे, कापडाचा पोत दोन बोटांत पारखणे, सोन्याचा कस पाहणे ही या घरांची विद्या. आश्चर्य असे की, घरात सोफा, पलंग किंवा कपाट आणायची वेळ आली की ही विद्या दुकानाच्या उंबरठ्याबाहेर राहते. रंग आवडला, चकाकी दिसली, हप्ता परवडला की सौदा पुरा होतो. दोन पावसाळ्यांनंतर कपाटाची कड फुगते, बिजागरी निखळते, पलंग कुरकुरू लागतो. लेकीच्या लग्नात मोठ्या हौसेने दिलेला संच तिच्या सासरी असा खिळखिळा होतो, तेव्हा नुकसान केवळ पैशाचे नसते. देणाऱ्या घराच्या शब्दालाही कोठेतरी तडा जातो.

फर्निचरच्या नव्या रचनांकडे शहरी लोकांची चैन म्हणून पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. वस्तुतः उत्तम रचना म्हणजे बैलबाजारातील तीच पारख होय. वस्तू कोण वापरणार, कशी वापरणार, किती वर्षे वापरणार, आणि मोडली तर दुरुस्त कोण करणार, एवढेच प्रश्न तिच्या मुळाशी असतात.

लोट्याने शिकवलेला धडा

1958 साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे इम्स हे विख्यात अमेरिकन रचनाकार दाम्पत्य भारतात आले. वाकवलेल्या प्लायवूडच्या त्यांच्या खुर्च्यांनी तोवर जगभर नाव मिळवले होते. देशभर हिंडून त्यांनी सरकारला जो अहवाल दिला, त्यात सर्वाधिक गौरव केला तो आपल्या साध्या लोट्याचा. तो डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचा, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, आत हात घालून तो घासता येतो का, धातूचे मोल किती, अशा प्रश्नांचा त्यांनी ऊहापोह केला. कोणा एका कारागिराने लोटा घडवला नाही. असंख्य पिढ्यांच्या वापराने त्याला तो आकार दिला, हे त्यांचे प्रतिपादन होते.

या अहवालातून 1961 साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीत गौतम साराभाई आणि त्यांच्या भगिनी गिरा साराभाई यांचा मोठा वाटा होता. कापड गिरण्यांच्या व्यापारातून पुढे आलेल्या एका जैन घराण्याने देशाच्या रचनाशिक्षणाचा पाया घालण्यास हात दिला, ही गोष्ट समाजात क्वचितच सांगितली जाते. जॉर्ज नाकाशिमा हे जपानी वंशाचे अमेरिकन काष्ठशिल्पी 1964 साली याच संस्थेत आले आणि त्यांनी येथे फर्निचरच्या रचना केल्या. लाकडाला भेग असली तर ती फळी ते फेकून देत नसत. डमरूच्या आकाराचा लाकडी जोड बसवून ते भेग रोखून धरीत आणि तो जोड उघडा ठेवीत. दोष झाकण्याऐवजी त्याचा बंदोबस्त करून तो गिऱ्हाइकाला दाखवणे, ही सचोटी कोणत्याही पेढीवर शोभून दिसेल अशीच आहे.

महाराष्ट्रात हे शिक्षण 1969 साली सुरू झाले. मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक रचना केंद्र स्थापन झाले आणि जर्मनीतील उल्म येथे शिकून आलेले प्रा. सुधाकर नाडकर्णी यांनी त्याची घडण केली.

भंगारातील लाखमोल

जुने टाकून नवे घेण्याची घाई किती महाग पडते, याचे उदाहरण चंदीगडने दिले. 1951 नंतर ते शहर उभारताना ल कोर्बुझिए यांचे चुलतबंधू पिएर जानरे यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्यांची रचना केली. उलट्या व्ही अक्षरासारखे पाय, वेताची विणलेली बैठक, कोठेही अनावश्यक नक्षी नाही, आणि घडवणारे हात स्थानिक सुतारांचे. पुढे वेत फाटला, पाय डुगडुगू लागले आणि त्या खुर्च्या गच्चीवर, गोदामांत ढीग होऊन पडल्या. सरकारी लिलावांत त्या भंगाराच्या भावाने गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावगृहांत त्याच खुर्च्यांना लाखो रुपयांची किंमत आली. 2011 साली केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसावस्तूंची विक्री व निर्यात रोखण्याचा आदेश काढला, तोवर बराच माल देशाबाहेर गेला होता.

या कथेचा अर्थ माळ्यावरची प्रत्येक जुनी खुर्ची लाखाची असते, असा नव्हे. पण भाव ओळखण्यापूर्वी माल विकू नये, हा व्यापाराचा पहिला नियम घरातील सामानालाही लागू पडतो. मुनीमजींचे उतरत्या फळीचे मेज, पितळी कड्यांची सागवानी पेटी, दुकानातील खणांचे जुने कपाट यांतील लाकूड आज सहजी मिळत नाही. त्या मेजाला पाय जोडून मुलांच्या अभ्यासाचे टेबल करता येते आणि पेटीवर गादी घालून दिवाणखान्यात बैठक करता येते. नव्या रचनेचा आरंभ अनेकदा अशा फेरवापरातून होतो.

बांबू, टायर आणि हवेचे भाडे

कोकणात कुडाळ येथील ‘कॉनबॅक’ ही संस्था बांबूचे फर्निचर व बांधकाम यांत दीर्घकाळ काम करीत आहे. सिंधुदुर्गात होणारा माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे तो भार पेलतो आणि जोडकामालाही टिकतो. साग तोडणीयोग्य होण्यास दशके लागतात, बांबू तीन ते पाच वर्षांत पक्व होतो. त्यात साखर व पिष्टमय अंश असल्याने भुंगा लागण्याचे भय असते. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाची प्रक्रिया केल्यास ते पुष्कळसे टळते. बांबूची वस्तू घेताना म्हणूनच प्रक्रिया केली आहे काय, हा पहिला प्रश्न विचारावा. 2017 साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू विकणे त्यामुळे सोपे झाले.

मुंबईत अनु टंडन-व्हिएरा यांच्या ‘द रिटायरमेंट प्लॅन’ या उपक्रमात टाकाऊ टायरच्या सांगाड्यावर कापडाच्या चिंध्या, दोऱ्या विणून खुर्च्या आणि बैठका घडवल्या जातात. विणकाम खाटेचेच, सांगाडा मात्र या काळाचा. बाज विणणारे हात ज्या गावात अजून आहेत, तेथे ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

तिसरा धडा निखळ व्यापाराचा आहे. 1956 साली स्वीडनमधील ‘आयकिया’च्या एका कर्मचाऱ्याने टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले. त्यातून सुटे भाग चपट्या खोक्यात भरून विकण्याची पद्धत त्या कंपनीत रूढ झाली. जोडलेले टेबल ट्रकमध्ये भरणे म्हणजे निम्म्याहून अधिक हवेचे भाडे भरणे होय. ते भाडे वाचले आणि वस्तू स्वस्त झाली. याच कंपनीने 2018 साली हैदराबादेत आणि 2020 च्या डिसेंबरात नवी मुंबईत दालन उघडले. गावाकडील फर्निचर विक्रेत्याला या स्पर्धेला घाबरून चालणार नाही. सुटी होणारी, जिन्यातून वर जाणारी, बदलीच्या गावी नेता येणारी वस्तू त्यालाही स्थानिक सुताराकडून करून घेता येईल.

गादीवरून खुर्चीवर

व्यापारी घरांच्या भाषेत गादी म्हणजे केवळ कापूस भरलेली वस्तू नव्हे. गादीवर बसणे म्हणजे व्यवहाराची जबाबदारी घेणे. तक्क्याला टेकून, आखूड पायांच्या मेजावर वही ठेवून आयुष्य घालवलेल्या वडीलधाऱ्यांचे गुडघे साठीनंतर मात्र साथ देईनासे होतात. मग त्यांना पाहुण्यांसाठी आणलेल्या खोल, मऊ सोफ्यात बसवले जाते. त्यात ते रुततात, उठताना कोणाचा तरी हात मागावा लागतो, आणि ज्या माणसाने कधी कोणापुढे हात पसरला नाही, तो बैठकीत येऊन बसणेच हळूहळू टाळू लागतो.

हा प्रश्न औषधाचा कमी आणि मापाचा अधिक आहे. बसल्यावर पावले जमिनीला पूर्ण टेकावीत, मांडी जमिनीला समांतर राहावी. बहुतेक प्रौढांना त्यासाठी सतरा-अठरा इंच उंचीची बैठक सोयीची पडते. पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा उरावी. दोन्ही बाजूंचे हात भक्कम असावेत आणि त्यांच्यावर भार देऊन उठता यावे. आसन फार मऊ नसावे. असे माप घेऊन केलेली साधी लाकडी खुर्ची, पाठीला तोच जुना तक्का, एवढ्याने आजोबा पुन्हा गादीजवळ बसून हिशेबावर नजर टाकू शकतात. शिंपी माप घेतल्याशिवाय सदरा बेतीत नाही, मग रोज आठ तास बसण्याची खुर्ची माप न घेता का आणावी?

आत काय आहे?

गरज ओळखून घडलेली वस्तू किती रुजते, हे गोदरेजच्या पोलादी कपाटाने दाखवले. 1897 साली कुलपांपासून सुरू झालेल्या या कारखान्याने 1923 साली पोलादी कपाटे बनवण्यास आरंभ केला. वाळवी, दमट हवा आणि चोरी या तिन्हींची चिंता कमी करणारी ही वस्तू लग्नाच्या यादीत इतकी पक्की बसली की, पुष्कळ घरांत कपाटालाच ‘गोदरेज’ म्हणू लागले.

आज दुकानांत मिळणारा बराच माल पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफचा असतो. पहिल्यात लाकडाचा चुरा आणि दुसऱ्यात लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबलेले असतात. दोन्ही कोरड्या जागी उपयोगी पडतात, परंतु पाणी लागले तर फुगतात आणि पार्टिकल बोर्डमध्ये एकदा निघालेला स्क्रू पुन्हा तितका घट्ट बसत नाही. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते अधिक टिकते. आयएस 303 हे मानक सर्वसाधारण प्लायचे आणि आयएस 710 हे मरीन प्लायचे. स्वयंपाकघरातील ओट्याखाली कोणते लागले आहे, हे बिलावर लिहून घ्यावे. खण पूर्ण बाहेर काढून मागची बाजू पाहावी, पट्टी न लावलेली कड शोधावी, टेबल एका कोपऱ्याला धरून हलवून पाहावे. दात पाहणे म्हणतात ते हेच.

जैन घरांसाठी आणखी एक तपासणी आहे आणि ती बहुधा राहून जाते. चामड्याचा सोफा टाळणारे पुष्कळ आहेत. पण पारंपरिक फ्रेंच पॉलिश ज्या चपड्यापासून होते, तो लाखेच्या किड्यांपासून मिळतो. लाखकाम केलेल्या रंगीत फर्निचरचेही तसेच. जुन्या काळी सुतार जो सरस वापरीत, तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून शिजवलेला असे. आज कृत्रिम चिकटद्रव्ये सर्वत्र मिळतात, आणि पॉलिशसाठी मेलामाइन, पीयू किंवा जवसाचे तेल असे पर्याय आहेत. यासाठी वेगळा खर्च करण्याची गरज नसते. काम सांगताना एक वाक्य अधिक बोलण्याची असते.

सुताराचा हात

बैलगाडीची चाके आणि नांगर बाभळीच्या चिवट लाकडात घडवणारा सुतार या परिसराच्या शेतीचा कणा होता. ट्रॅक्टर आणि लोखंडी अवजारे आली, तसे त्याचे काम आटले. ढाब्यांवर आणि कृषी पर्यटन केंद्रांत त्याच्या जुन्या चाकांवर काच ठेवून टेबले केली जातात. ती पाहायला बरी वाटतात, पण त्यातून सुताराच्या हाताला काम मिळत नाही. चाकाच्या आऱ्या तुंब्यात खिळ्याविना घट्ट बसवणारे त्याचे कसब खुर्चीच्या सांध्यात उतरले, तर ते कसब आणि ते घर दोन्ही टिकतील.

त्यासाठी गिऱ्हाइकाने नेमकी मागणी करावी लागते. कोण बसणार, उंची किती, लाकूड कोणते, पॉलिश कशाचे, आणि पाच वर्षांनी सांधा ढिला झाला तर तो कसणार कोण, ही पाच उत्तरे कागदावर लिहून सुताराच्या किंवा दुकानदाराच्या हाती द्यावीत. जो विक्रेता या प्रश्नांना न चिडता उत्तरे देईल, त्याच्याकडेच सौदा करावा. आणि समाजातील जे स्वतः हा व्यवसाय करतात, त्यांनी गिऱ्हाइकाने विचारण्याची वाट न पाहता ही उत्तरे बिलाच्या पाठीवर छापावीत. पत अशीच वाढते.