ओझोनचे छिद्र आणि तापणारी पृथ्वी

शीतकपाटे आणि फवाऱ्याचे डबे यांत पूर्वी वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे क्लोरीन, फ्लोरीन व कार्बन यांची अत्यंत स्थिर संयुगे, जमिनीजवळ विघटित होत नाहीत. मात्र ती स्थितांबरात, म्हणजे सुमारे 15 ते 50 किलोमीटर उंचीवरील थरात पोहोचली की अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यांतून सुटलेला क्लोरीनचा एकच अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करू शकतो, असे शेरवूड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्रयोगशाळेतून 1974 मध्ये मांडले. अतिनील किरणे अडवणारा ओझोन विरळ झाल्यास त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू वाढण्याचा धोका असल्याने हा रसायनशास्त्राचा प्रश्न आरोग्याचाही ठरला आणि 1987 मध्ये अशा रसायनांना आवर घालणारा माँट्रियल करार झाला.

लोकमताची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी 1990 च्या दशकाच्या आरंभी सामान्य नागरिकांशी सविस्तर बोलून केलेल्या अभ्यासात अनेकजण ओझोनचा ऱ्हास आणि हवामानबदल यांची गल्लत करताना आढळले. विरळ झालेल्या ओझोनच्या ‘छिद्रातून’ जास्त ऊन आत येते म्हणून पृथ्वी तापते, अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः तापमानवाढीचे मुख्य कारण कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने वाढणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पृथ्वीने उत्सर्जित केलेली उष्णता शोषणारा हरितगृह वायू, हे आहे. ही गल्लत अगदीच निराधार मात्र म्हणता येत नाही, कारण क्लोरोफ्लुरोकार्बन स्वतःही तीव्र हरितगृह वायू आहेत, आणि त्यांच्या जागी आलेले, ओझोनला अपाय न करणारे हायड्रोफ्लुरोकार्बनही तसेच असल्यामुळे माँट्रियल कराराच्या 2016 च्या किगाली दुरुस्तीने त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरले.