यंत्राला खोटं ओळखायला शिकवणारे विद्यार्थी

जून २०१३. ‘व्हाइट रोज ऑफ ड्रॅक्स’ ही ६५ मीटर लांबीची आलिशान नौका मोनॅकोहून ग्रीसच्या ऱ्होड्स बेटाकडे निघाली होती. इटलीचा किनारा सुमारे ५० किलोमीटरवर असताना वरच्या डेकवर ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी ब्रीफकेसएवढी एक पेटी सुरू केली. पेटीतून जीपीएससारखेच, पण बनावट संदेश बाहेर पडू लागले. आधी क्षीण, मग हळूहळू खऱ्या उपग्रहांपेक्षा जोरदार. नौकेच्या रिसीव्हरने खरे सोडून खोटे कधी धरले, ते कुणालाच कळलं नाही. एकही अलार्म वाजला नाही.

नौका मार्गापासून किंचित सरकल्याचं पडद्यावर दिसलं, म्हणून खलाशांनी दिशा सुधारली. प्रत्यक्षात त्या सुधारणेनेच ती भरकटू लागली. आत नकाशावर सरळ रेष उमटत होती. मागे पाण्यावर उठलेली फेसाची रेघ मात्र स्पष्ट वळलेली होती.

नौकेच्या कप्तानानेच बोलावून करून घेतलेला हा प्रयोग. प्रा. टॉड हम्फ्रीज यांच्या या विद्यार्थ्यांनी नौकेच्या संगणकाला हातही लावला नव्हता. त्यांनी फक्त मोजमाप खोटं केलं होतं.

कंट्रोल सिस्टीमचं मर्म इथेच आहे. घरच्या टाकीवरच्या ऑटोमॅटिक स्विचपासून वीजकेंद्रापर्यंत सगळीकडे काम एकच: मोजायचं, ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहायचं आणि मोटर, व्हॉल्व्ह किंवा सुकाणू हलवायचं. सेन्सर सांगेल ते खरं, असं ही यंत्रणा मानून चालते. इराणच्या नतान्झ अणुकेंद्रात सेंट्रिफ्यूज बिघडवणारा ‘स्टक्सनेट’ हा संगणक-विषाणू २०१० मध्ये उघडकीस आला. यंत्रं बिघडत असतानाही पडद्यावर सगळं ठीक दिसेल, अशी सोय त्यात होती.

अशा हल्ल्यांचा अभ्यास शहराच्या चालू पाणीपुरवठ्यावर कसा करणार? म्हणून सिंगापूर युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी अँड डिझाइनमध्ये संशोधनासाठी एक छोटं, पण खरंखुरं जलशुद्धीकरण केंद्र उभारलं गेलं. नाव ‘स्वाट’. सहा टप्पे, मिनिटाला साधारण १९ लिटर पाणी. तिथे ११ दिवसांच्या नोंदी घेतल्या: ७ दिवस सुरळीत कामाच्या, ४ दिवस मुद्दाम केलेल्या हल्ल्यांच्या. त्या नोंदी जगभरच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी मिळतात.

त्यातला एक हल्ला पाहा. पहिल्या टाकीच्या पातळीचा आकडा दर सेकंदाला १ मिलिमीटरने वाढवत न्यायचा. टाकी भरत आली असं समजून यंत्रणा पाणी आत घेणं थांबवते, बाहेर उपसणारा पंप मात्र चालूच राहतो. टाकी रिकामी होते आणि पंप कोरडा चालतो. कोरड्या चाललेल्या मोटरीचं काय होतं, हे विहिरीवर पंप असणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको.

यावर विद्यार्थी-संशोधकांनी काढलेला उपाय पासवर्डचा नाही, पदार्थविज्ञानाचा आहे. आत आलेलं पाणी वजा बाहेर गेलेलं पाणी म्हणजे टाकीतली वाढ. आतला व्हॉल्व्ह बंद, पंप चालू आणि तरी पातळी चढते आहे? मग कुठलं तरी मोजमाप खोटं आहे. सेन्सर जुना होऊन बिघडला असो वा कुणी फसवला असो, ही तपासणी दोन्ही पकडते. म्हणून सुरक्षितता आणि विश्वासार्हता हे दोन वेगळे विषय मानून चालणार नाही.

भारतातही आयआयटी कानपूरच्या ‘सी-थ्री-आय’ केंद्रात वीज आणि पाणी यंत्रणांची अशी चाचणी-प्रारूपं आहेत. पण सुरुवात करायला एवढा पसारा लागत नाही. आपल्याकडे डिप्लोमा आणि बी.ई.चे कितीतरी विद्यार्थी शेवटच्या वर्षी टाकी-पंपाचं मॉडेल करतात, ते चालतं हे दाखवून गुण मिळवतात. त्यांना आणि त्यांच्या गाइडना एक विनंती: मॉडेल चालवून दाखवल्यावर परीक्षकांसमोरच सेन्सरचा आकडा मुद्दाम चुकवा आणि पंप वेळेवर थांबतो का, हे रिपोर्टमध्ये नोंदवा.