परसातील पाहुण्याचे छायाचित्र

नागोठण्यास अंबा नदी खाडीचे रूप धारण करू लागते, आणि तिच्या काठची तिवरे, खाजणे व शेतांचे बांध यांच्या आडोशाने दिवस कंठणारा कोल्हा अंधार पडताच गावाच्या हद्दीत शिरून थेट परसातल्या उकिरड्यापर्यंत येतो. विलायती चित्रपुस्तकांतील तांबूस 'फॉक्स' तो हा नव्हे. त्या 'फॉक्स'चे आपल्याकडील भाईबंद खोकड, आणि ते देशावरच्या माळरानांत राहते. खेकडे, उंदीर, पडलेली फळे यांवर आमच्या कोल्ह्याची गुजराण चालते. काकडीही त्यास वर्ज्य नाही, हे आपल्या म्हणीने केव्हाच दप्तरी नोंदविले आहे.

त्याचे छायाचित्र हवे असेल तर आमिष मात्र कदापि मांडू नये, कारण आयत्या अन्नास सरावलेला कोल्हा गावकुत्र्यांच्या निकट येतो व त्यांचे रोग घेऊन परततो. अमेरिकेत जॉर्ज शिरास याने रात्री लखलखाट करून टिपलेली वन्यप्राण्यांची चित्रे 1906 साली प्रसिद्ध झाली. आता तेवढ्या झगमगाटाची गरज उरलेली नाही. देहाची उष्णता व हालचाल जाणणारा, अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा केळीच्या बुंध्याशी गुडघाभर उंचीवर बांधावा आणि आपण निजावे.

माझ्या पहिल्या चित्रात पुढचा पंजा घोट्यापर्यंत खाजणाच्या चिखलाने माखलेला होता, एक कान रस्त्याकडे वळलेला होता, आणि बुबुळामागील परावर्तक पडद्यामुळे डोळा निरांजनासारखा उजळला होता.